कॉफीचे भांडे, कोकचे यंत्र आणि कबुतरे : जुन्या इंटरनेटवरील काही चमत्कारिक वस्तू

जुनामोडेम (धागाकर्ता)

घराची आवराआवर करताना फ्लॉपी डिस्कांचा एक डबा हाती लागला. त्यातील एका डिस्कवरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात ‘केंब्रिजची कॉफी’ असे लिहिलेले होते. ती डिस्क वाचणारे यंत्र आता घरात नाही, पण तिच्यावर काय आहे ते मला नीट आठवते. त्या निमित्ताने हा धागा काढत आहे.

१९९६ साली मी मुंबईत विद्यार्थी होतो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले खरे, परंतु चित्रांसह वेब पाहू देणारी जोडणी विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी नव्हती. आमच्या वाट्याला आले ते ‘शेल अकाउंट’, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये चित्राच्या जागी चौकटी कंसात ‘इनलाइन’ एवढाच शब्द उमटत असे. चित्र पाहण्याची फारच हौस असेल, तर ते आधी दूरच्या संगणकावर उतरवून घ्यायचे, मग झेड-मोडेम या फोनवरून फाइली पाठवण्याच्या पद्धतीने घरच्या संगणकावर ओढायचे, फोन मोकळा करायचा आणि चित्रे दाखवणारा वेगळा प्रोग्राम उघडायचा. एका पहाटे, वडील उठून फोन मागण्याच्या आत, मी हे सगळे सोपस्कार केले आणि हाती आले ते एका राखाडी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रातले कॉफीचे भांडे. त्यात कॉफी आहे की नाही, हे काही केल्या कळेना. आणि त्या चित्राचे सबंध प्रयोजन तर तेवढेच होते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ नावाची एक खोली होती आणि तिच्या बाहेरच्या बोळात कॉफी गाळण्याचे एकच यंत्र होते. पंधराएक संशोधकांत मिळून ते एकच. ज्यांची टेबले त्याच खोलीत होती त्यांना ताजी कॉफी सहज मिळे. जे इमारतीच्या दुसऱ्या टोकाला किंवा वरच्या मजल्यांवर बसत त्यांना जिने उतरून यावे लागे आणि बरेचदा तळाशी उरलेला काळा थर पाहून तसेच परत जावे लागे. १९९१ साली या संशोधकांनी प्रयोगशाळेतला एक लोखंडी स्टँड घेऊन त्यावर कॅमेरा बसवला, तो भांड्याकडे रोखला आणि त्याच्या तारा जमिनीखालून खोलीतल्या एकॉर्न आर्किमिडीज संगणकापर्यंत नेल्या. चित्रे पुरवणारा प्रोग्राम पॉल जार्डेट्स्की यांनी लिहिला. प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात ते चित्र दाखवणारा ‘एक्स-कॉफी’ हा प्रोग्राम क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी लिहिला. चित्र उभे-आडवे १२८ ठिपक्यांचे होते, त्याला रंग नव्हता आणि ते मिनिटाला तीनेक वेळाच बदलत असे. भांडे भरायलाही वेळ लागतो आणि कॉफीला रंग असा कितीसा असतो, त्यामुळे कोणाची काही अडचण झाली नाही.

नोव्हेंबर १९९३ मध्ये डॅनियल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी हेच चित्र वेबवर आणले आणि मग जे झाले ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. जगभरातील वीस लाखांहून अधिक लोकांनी ते भांडे पाहिले. यांतल्या बहुतेकांना ती कॉफी कधीही प्यायला मिळणार नव्हती. दूरदेशींच्या काही लोकांनी पत्रे लिहून विनंती केली, की तुमच्याकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे दिवस असतो, तेव्हा भांड्याजवळ एक दिवा चालू ठेवता आला तर बरे होईल.

माझ्या मते ही गोष्ट निव्वळ आळसाची नाही. भांड्याशेजारी बसणाऱ्यांना कॅमेऱ्याची काहीच गरज नव्हती, आणि तरी संगणक आणि तारा त्यांच्याच खोलीत होत्या. स्वतःपाशी असलेली वस्तू दुसऱ्याला दिसावी, यासाठी केलेली ही खटपट होती. आपल्याला ठाऊक असलेल्या अशाच वस्तू कृपया येथे लिहाव्यात. केवळ गमतीची पाने नकोत. ज्यांच्यामागे खरोखर कोणी तरी तारा जोडल्या, अशांचे विशेष स्वागत आहे.

पिट्सबर्गकर

लेख फार आवडला. परंतु कॅमेऱ्याच्या बऱ्याच आधी हेच काम दिव्यांवर झाले होते, त्याची नोंद येथे व्हायला हवी. मी कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा ते मूळ यंत्र जाऊन बरीच वर्षे लोटली होती, तरी त्याची कथा नव्या विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्या काही आठवड्यांतच पडत असे.

तेथील संगणकशास्त्र विभागाच्या इमारतीत, वीन हॉलमध्ये, काचेच्या बाटल्या देणारे कोकचे एक यंत्र होते. विभाग वाढत गेला तशा अनेकांच्या खोल्या यंत्रापासून लांब गेल्या आणि मग तेच दुःख : इतके चालत जायचे आणि यंत्र रिकामे असायचे, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुकत्याच भरलेल्या, कोमट बाटल्या मिळायच्या. १९८२च्या सुमारास डेव्हिड निकोल्स आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी यावर तोड काढली, आणि ती इतकी सुबक आहे की सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही.

यंत्रात बाटल्यांचे सहा रकाने होते आणि प्रत्येक रकान्याला एक लहान दिवा होता. बाटली विकली गेली, की तो दिवा काही सेकंद लागून विझत असे. रकाना संपला, की तो लागलेलाच राहत असे. या मंडळींनी यंत्राच्या आतल्या कामाला हात न लावता फक्त त्या दिव्यांना तारा जोडल्या आणि विभागाच्या मुख्य संगणकाला दर सेकंदाला अनेकदा त्यांच्याकडे पाहायला लावले. दिवा पाच सेकंदांच्या आत विझला, तर एक बाटली गेली. पाच सेकंदांहून अधिक काळ लागलेला राहिला, तर रकाना रिकामा. आणि लागून राहिलेला दिवा पुन्हा विझला, तर कोणी तरी रकाना भरला. प्रत्येक रकान्यात दोन बाटल्या राखीव म्हणून थंडच असत, त्यामुळे भरल्याक्षणी दोन थंड बाटल्या मिळणार हे नक्की होते. बाकीच्या बाटल्या केव्हा आत गेल्या याची वेळ संगणक लिहून ठेवत असे आणि तीन तास उलटले, की त्यांच्या नावापुढे ‘थंड’ असे दाखवत असे.

तापमान मोजणारे कोणतेही साधन तेथे नव्हते, हे लक्षात घ्यावे. बाटली थंड झाली हा निष्कर्ष केवळ घड्याळ पाहून काढलेला होता. आमच्या आजीला फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा न उघडता तो कितपत गार झाला असेल ते सांगता येत असे, जात तीच.

‘फिंगर’ ही त्या काळी एखादा माणूस संगणकावर आहे की नाही हे विचारण्याची आज्ञा होती. तीच त्यांनी यंत्रासाठी वापरली, आणि त्यांचा संगणक अर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाला, जोडलेला असल्यामुळे हजारो मैलांवरचा मनुष्यही वीन हॉलमधल्या कोकची विचारपूस करू शकत होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने बाटलीचा आकार बदलला, नव्या बाटल्या त्या रकान्यांत बसेनात आणि ते यंत्र निवृत्त झाले.

शंकासुर

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. तरी माझ्या नावाला जागून दोन शंका मांडतो.

पहिली शंका अशी, की केंब्रिजच्या भांड्याला सर्रास ‘१९९१चा पहिला वेबकॅम’ म्हटले जाते. १९९१ ते १९९३ या काळात ते चित्र फक्त प्रयोगशाळेच्या आतल्या जाळ्यावर दिसत होते. बाहेरच्या जगाला ते नोव्हेंबर १९९३ पासूनच दिसू लागले. धागाकर्त्यांनी दोन्ही वर्षे वेगळी ठेवली आहेत हे चांगले केले, कारण ही गफलत फार ठिकाणी वाचायला मिळते.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. भांडे आणि कोकचे यंत्र या दोन्ही वस्तूंकडे दुरून नुसते पाहता येत होते. दुरून एखादी वस्तू हलवणे, चालू करणे, तिच्याकडून काम करून घेणे ही वेगळी पायरी आहे, आणि तिचा मान माझ्या माहितीप्रमाणे पाव भाजण्याच्या यंत्राकडे जातो. १९९० सालच्या इंटरॉप या संगणक-जाळ्यांच्या प्रदर्शनात जॉन रॉमकी यांनी सनबीम कंपनीचा एक टोस्टर इंटरनेटला जोडून दाखवला. प्रदर्शनाचे संयोजक डॅन लिंच यांनी त्यांना आदल्या वर्षी शब्द दिला होता, की असे यंत्र आणलेत तर तुम्हाला मानाची जागा देऊ. दुरून करता येण्यासारखी गोष्ट एकच होती : वीज चालू करणे आणि बंद करणे. वीज जितका वेळ चालू, तितका पाव अधिक खरपूस. यासाठी त्यांनी जो नियमसंच वापरला, तो मुळात मोठमोठ्या जाळ्यांतील यंत्रांची देखरेख करण्यासाठी होता.

गंमत पुढेच आहे. पाव मात्र हाताने ठेवावा लागतो, मग याला पूर्ण स्वयंचलित कसे म्हणायचे, असा आक्षेप निघू शकत होता. तेव्हा १९९१ साली लेगोच्या तुकड्यांची एक लहानशी यारी जोडण्यात आली. ती पावाचा तुकडा उचलून टोस्टरमध्ये टाकत असे, आणि तीही इंटरनेटवरूनच चालत असे. शंकेखोर लोकांमुळे जगाची प्रगती होते, याला यापेक्षा भक्कम पुरावा मला सापडलेला नाही.

रेवा_सातारा

येथे कोकच्या यंत्राचा विषय निघालाच आहे, तर त्याच विभागातील, त्याच वर्षीची आणखी एक वस्तू सांगते. हिच्यात तारा नाहीत, त्यामुळे धागाकर्त्यांच्या अटीत ती बसत नाही. पण ती आपण सगळेच रोज वापरतो.

१९८२च्या सप्टेंबर महिन्यात कार्नेगी मेलनच्या अंतर्गत सूचनाफलकावर भौतिकशास्त्रातील एक कोडे घातले गेले होते : लिफ्टची दोरी तुटून ती खाली पडू लागली, तर आतील जळत्या मेणबत्तीचे आणि जमिनीवरच्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? त्यावर एकाने थट्टेने सूचना लावली, की भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला असून आगीनेही थोडे नुकसान झाले आहे. मागची चर्चा न वाचलेल्या काहींनी ती सूचना खरी मानली. मग थट्टेच्या मजकुरावर काही तरी खूण असावी, असा विचार पुढे आला आणि तारका, टक्क्याचे चिन्ह अशा वेगवेगळ्या खुणा लोक सुचवू लागले.

१९ सप्टेंबर १९८२ रोजी सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हे एकापुढे एक लिहिली आणि ती मान कलती करून वाचा, असे सांगितले. विनोदासाठी :-) आणि विनोद नसेल तेव्हासाठी :-( अशी त्यांची सूचना होती. दुसरी खूण त्यांनी दुःखासाठी सुचवलेली नव्हती. तो अर्थ तिला लोकांनी नंतर दिला.

मला यातील पुढचा भाग अधिक विलक्षण वाटतो. हा मूळ मजकूर कोणीही जपून ठेवला नव्हता आणि फालमन यांच्याकडेही त्याची प्रत नव्हती. वीस वर्षांनी, २००२ साली, माइक जोन्स यांनी शोध सुरू केला आणि विद्यापीठातील जेफ बेअर्ड यांनी जुन्या चुंबकीय फिती शोधून, त्या वाचू शकणारी साधने जमवून तो मजकूर बाहेर काढला. लिफ्टमधल्या पाऱ्याची थट्टाही त्याच फितींवरून परत मिळाली. नपेक्षा आज आपल्याला खूण ठाऊक असती, पण ती कशावरून निघाली ते सांगोवांगीच उरले असते.

टपालहशील

माझी वस्तू उडणारी आहे.

इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित टिपणांत लिहिले जातात. ही टिपणे अत्यंत रूक्ष असतात. १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वेट्झमन यांनी लिहिलेले ११४९ क्रमांकाचे टिपण त्याच रूक्ष भाषेत कबुतरांवरून इंटरनेटची माहिती कशी पाठवावी, ते सांगते. माहिती कागदाच्या छोट्या सुरळीवर छापावी, ती कबुतराच्या एका पायाला गुंडाळावी आणि वर चिकटपट्टी लावावी. एका खेपेत किती माहिती जाऊ शकते, हे प्रत्येक जाळ्याला ठरवावेच लागते. येथे ती मर्यादा पायाच्या लांबीवर अवलंबून असून वजनात ती साधारण २५६ मिलिग्रॅम सांगितली आहे. वाहकांना एकमेकांवर न आदळण्याची उपजत बुद्धी असल्यामुळे टक्करी टाळण्याची वेगळी व्यवस्था लागत नाही, आणि ये-जा केल्याच्या खुणा केबलांच्या पन्हाळींवर आपोआप उमटतात, हेही त्यात नमूद आहे. त्या खुणा कसल्या, हे कबुतरांच्या त्रासाने खिडकीला जाळी मारून घेतलेल्या कोणाही मुंबईकराला सांगण्याची गरज नाही.

येथवर ही एक एप्रिलची थट्टा होती. पण नॉर्वेतील बर्गन शहरातल्या लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या मंडळींनी २८ एप्रिल २००१ रोजी कबुतरे पाळणाऱ्या स्थानिक मंडळाला बरोबर घेऊन ती प्रत्यक्षात उतरवली. एका संगणकाने दुसऱ्याला ‘आहेस का?’ असे विचारायचे आणि दुसऱ्याने ‘आहे’ म्हणायचे, हा जाळ्यावरील सर्वांत साधा संवाद आहे, आणि एरवी तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरा होतो. येथे प्रश्न कागदावर छापला गेला, कबुतराने तो काही किलोमीटरांवर नेला, तेथे तो स्कॅन करून संगणकाला वाचायला दिला आणि उत्तर दुसऱ्या कबुतराच्या पायाला बांधून परत आले. नऊ प्रश्न पाठवले गेले, चार उत्तरे आली. सर्वांत चपळ उत्तराला सुमारे ५४ मिनिटे लागली, सर्वांत सुस्त उत्तराला एक तास ४६ मिनिटे. संगणकाने आपल्या नेहमीच्या निर्विकारपणे हे आकडे मिलिसेकंदांत छापले आणि ५५ टक्के माहिती वाटेत हरवल्याचे नोंदवले.

ज्या वर्षी बर्गनमध्ये हे चालले होते, त्या वर्षी ओडिशा पोलिसांची कबुतरसेवा अजून कामावर होती. १९४६ साली कोरापुट येथे सुरू झालेल्या त्या सेवेने पूर आणि चक्रीवादळांत तारा तुटल्यावर खरोखरच निरोप पोहोचवले आहेत.

नवशिका

मी वयाने या सगळ्याच्या नंतरचा आहे, परंतु कामाच्या ठिकाणी यातील एक वस्तू मला प्रत्यक्ष भेटली. आमच्या एका जुन्या प्रणालीत चुकीची विनंती आली, की ‘४१८’ हा क्रमांक परत येत असे. ‘४०४’ म्हणजे पान सापडले नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ४१८चा अर्थ शोधला, तर ‘मी चहाची किटली आहे’ असा निघाला. कोणा माजी सहकाऱ्याने ही खोडी करून ठेवली होती.

मूळ टिपण लॅरी मसिंटर यांचे, १ एप्रिल १९९८चे, क्रमांक २३२४. जाळ्यावरून कॉफीची भांडी चालवण्याचे नियम त्यात आहेत. कॉफी करायला सांगण्याची आज्ञा आहे, दूध ओतताना ‘पुरे’ म्हणण्याची आज्ञा आहे, दूध, पाक, मसाला, मद्य यांपैकी काय घालायचे ते सांगण्याची सोय आहे. मात्र कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीची सोय मुद्दाम ठेवलेली नाही, कारण तिला काही अर्थच नाही, असे लेखकाचे मत आहे. चहाच्या किटलीला कोणी कॉफी करायला सांगितले, तर तिने ४१८ हे उत्तर द्यावे. २०१४च्या एक एप्रिलला निघालेल्या ७१६८ क्रमांकाच्या टिपणाने चहाचीही व्यवस्था लावली आणि त्यात आपले दार्जिलिंग आहे.

२०१७ साली मार्क नॉटिंगहॅम यांनी हा क्रमांक नोड-जेएससारख्या, वेबसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या प्रणालींतून काढून टाकावा असे सुचवले. त्यांचे म्हणणे रास्त होते : क्रमांक मोजकेच आहेत आणि थट्टेपायी एक अडवून ठेवणे बरे नाही. त्यावर मोठा गहजब झाला, किटली वाचवण्याची मोहीमच उभी राहिली आणि किटली वाचली. २०२२च्या अधिकृत नियमांत ४१८ समोर ‘वापरात नाही’ असे लिहिलेले आहे, म्हणजे तो दुसऱ्या कशाला दिलेलाही नाही. चाळीत एखादी खोली वर्षानुवर्षे कुलूपबंद असते आणि तरी ती कोणाला देत नाहीत, तसा हा प्रकार आहे.

येथील सर्वांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. २३२४ क्रमांकाचे ते मूळ टिपण उघडून प्रस्तावना वाचावी. इंटरनेटला जोडलेल्या आधीच्या वस्तू म्हणून तेथे कोकच्या यंत्राचा आणि टोस्टरचा उल्लेख आहे, आणि टोस्टरच्या संदर्भात शंकासुर यांनी केला तोच भेद केलेला आहे : नुसते पाहणे वेगळे आणि चालवणे वेगळे. थट्टेच्या कागदात इतिहास चोख लिहिलेला आहे.

शंकासुर

माझ्याशी सहमत होणारे टिपण १९९८ सालीच निघाले होते आणि मला कोणी कळवले नाही, याचा निषेध.

जुनामोडेम (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रेवाताई, अट मागे घेतो. फितींचा तो शोध म्हणजे तारा जोडण्याइतकेच कष्टाचे काम आहे.

भांड्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले होते. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार म्हणून २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद करण्यात आला. शेवटच्या चित्रात भांडे जवळजवळ नाहीच. बटण दाबायला पुढे आलेली बोटे तेवढी दिसतात. भांडे ईबेवर लिलावात निघाले आणि जर्मनीतील ‘श्पीगल’च्या ऑनलाइन विभागाने ते ३,३५० पौंडांना घेतले. भांडे क्रुप्स कंपनीचे होते आणि चालत नव्हते. ज्या कंपनीने ते बनवले, तिच्याच लोकांनी ते विनामूल्य दुरुस्त करून दिले. दहा वर्षांत तेथे अनेक भांडी आली आणि गेली, त्यामुळे मी १९९६ साली पाहिलेले भांडे हेच होते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. २०१६ पासून ते पाडरबोर्न येथील हाइन्झ निक्सडॉर्फ संग्रहालयात आहे.

धागा सुरू केल्यानंतर शेजारच्या मजल्यावरील एका गृहस्थांकडे यूएसबीला जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह निघाला. काल रात्री ती डिस्क घातली. बराच वेळ खरखर झाली, मग फाइलचे नाव दिसले, आणि फाइल उघडलीही. चित्राचा वरचा अर्धा भाग स्पष्ट आहे : यंत्राचे डोके, भांड्याचे झाकण, मागची भिंत आणि एका बाजूने पडलेला दिव्याचा उजेड. खालचा अर्धा, म्हणजे जेथे कॉफी दिसली असती तो भाग, डिस्क खराब झाल्यामुळे सपाट राखाडी आला आहे.